वाचकांचे प्रश्न : कोरडा उन्हाळा, वणवा आणि वस्ती

उन्हाळा कडक आणि कोरडा जाणार अशी चिन्हे दिसू लागली, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. या वेळची बहुतेक पत्रे वणव्याविषयी आहेत. एकाच आशयाचे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत आणि ज्या प्रश्नांचा संबंध थेट माणसांच्या जिवाशी येतो, त्यांना अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : ‘वणवा ४० टक्के आटोक्यात’ अशी बातमी येते आणि दुसऱ्या दिवशी तोच आकडा २५ टक्क्यांवर घसरलेला असतो. आदल्या दिवशी खोटे सांगितले होते की दुसऱ्या दिवशी? असल्या आकड्यांवर विश्वास ठेवावा का?

उत्तर : दोन्ही दिवशी खरेच सांगितलेले असते, आपण त्या आकड्याचा अर्थ मात्र भलताच घेतो. ‘४० टक्के आटोक्यात’ म्हणजे ४० टक्के आग विझली, असे नव्हे. जळलेल्या क्षेत्राच्या भोवती एक सीमा कल्पावी. त्या सीमेच्या एकूण लांबीपैकी किती लांबीवर, आग ओलांडणार नाही असा भरवसा धरण्याजोगा अडथळा तयार झाला आहे, एवढेच हा आकडा सांगतो. हा अडथळा बहुतेक वेळा जाळरेषेचा असतो. गवत, पालापाचोळा, झुडपे आणि जमिनीतील वरवरची मुळे काढून टाकून उघड्या मातीपर्यंत खरवडलेला पट्टा म्हणजे जाळरेषा. वाटेत नदी, खडकाळ उतार, रुंद रस्ता किंवा आधीच जळून गेलेली जमीन असेल, तर तीही याच कामी येते. आता सीमा १० किलोमीटरची असताना ४ किलोमीटरचे काम पुरे झाले, तर तो वणवा ४० टक्के आटोक्यात आला. रात्रीतून वारा उठला आणि सीमा १६ किलोमीटरची झाली, तर त्याच ४ किलोमीटरचे २५ टक्के होतात. केलेले काम जागच्या जागी असते, आग तेवढी पुढे गेलेली असते.

तरीही नुसत्या टक्केवारीवर विसंबू नये, आणि त्याचे कारण वेगळे आहे. वाऱ्याच्या किंवा चढाच्या दिशेने धावणारे आगीचे तोंड, त्याच्या दोन बगला आणि जिथून ती निघाली ती शेपटी, या तिन्ही ठिकाणी आगीचा जोर सारखा नसतो. अनुभवी पथके शेपटीकडील एखादी पक्की जागा पकडून कामाला लागतात, म्हणजे आग वळसा घालून त्यांच्या पाठीशी येऊ शकत नाही. तिथून ती दोन्ही बगलांना आवळत तोंडाकडे सरकतात. त्यामुळे टक्केवारीतला सुरुवातीचा भाग तुलनेने सोप्या बाजूचा असतो आणि सर्वांत अवघड बाजू शेवटी उरते. ‘८० टक्के आटोक्यात’ असे ऐकल्यावर निर्धास्त होण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात : उरलेले २० टक्के कोणत्या दिशेला आहेत, आणि त्या दिशेला कोणाची घरे आहेत?

आटोक्यात येणे (भोवतीचा अडथळा पुरा होणे), नियंत्रणात येणे (तो अडथळा टिकेल अशी खात्री होणे) आणि विझणे या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत. आग १०० टक्के आटोक्यात आल्यावरही आतले ओंडके आणि बुंधे कित्येक दिवस धुमसत राहू शकतात. त्याविषयी शेवटच्या प्रश्नात अधिक लिहिले आहे.

प्रश्न : विमाने आणि हेलिकॉप्टर उपलब्ध असताना वरून पाणी ओतून वणवा एका दिवसात का विझवत नाहीत?

उत्तर : कारण वरून पडलेल्या पाण्याने वणवा क्वचितच विझतो, तो मंदावतो. पाण्याचा बराच भाग वाऱ्याने विखुरतो, काही झाडांच्या शेंड्यांवर अडतो, आणि जो जमिनीपर्यंत पोहोचतो तोही त्या उष्णतेत थोड्याच वेळात उडून जातो. जमिनीवरच्या पथकाने त्या मधल्या अवधीत जाळरेषा पुरी केली, तरच त्या फेरीचा उपयोग झाला असे म्हणायचे. विमानातून लालभडक द्रावण सोडताना आपण चित्रांत पाहतो, ते तर सहसा आगीवर टाकतही नाहीत. अमोनियम फॉस्फेटसारखी क्षारद्रव्ये असलेले ते द्रावण आगीच्या पुढच्या, अजून न जळलेल्या झाडोऱ्यावर पसरतात. त्यातील पाणी सुकून गेले तरी क्षारांचा थर ज्वाळा धरू देत नाही. लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो, आणि कोणता पट्टा झाला व कोणता राहिला हे वैमानिकाला दिसावे, एवढाच त्याचा हेतू असतो.

मुळात एका मर्यादेपलीकडे आगीशी समोरासमोर भिडताच येत नाही. ज्वाळा साधारण १.२ मीटरपर्यंत लांब असतील तोवर माणसे फावडी, कुदळी घेऊन आगीच्या कडेला काम करू शकतात. १.२ ते २.४ मीटरच्या दरम्यान उष्णता इतकी असते की बंब आणि मातीकाम करणारी यंत्रे लागतात. त्यापुढे तोंडावर उभे राहून काही साधत नाही आणि ३.४ मीटरच्या वर तसा प्रयत्न करणे म्हणजे माणसे गमावणे. अशा वेळी पथके मागे सरून एखादा रस्ता किंवा डोंगराची धार गाठतात, मधला झाडोरा स्वतःच जाळून टाकतात आणि आगीला पुढे जळायला काही उरणार नाही अशी व्यवस्था करतात. दुरून पाहणाऱ्याला ही माघार वाटते. प्रत्यक्षात मोठे वणवे बहुतांशी याच रीतीने, नाहीतर पावसाने थांबतात.

प्रश्न : आमच्या वस्तीतील तरुणांचे एक मंडळ आहे. डोंगराला वणवा लागला की मुले हिरव्या फांद्या घेऊन धावतात. त्यांना कोणती काळजी घ्यायला सांगावी?

उत्तर : मुलांची तळमळ मोलाची आहे, परंतु धावत जाण्याला आमचा विरोध आहे. गवताची आग दुरून गुडघ्याएवढी दिसते म्हणून ती साधी वाटते. वणव्यात होरपळलेल्यांपैकी अनेकजण अशाच ‘साध्या’ आगीत, गवताळ उतारावर, वारा अचानक फिरल्याने सापडलेले आहेत.

सर्वांत आधी उताराचे गणित समजावून सांगा. आग चढ चढताना वरच्या गवताला आधीच तापवून वाळवत जाते. त्यामुळे उतार १० अंशांनी वाढला, की तिचा वेग साधारण दुप्पट होतो आणि २० अंशांना चौपट. माणसाचे नेमके उलटे होते, चढावर त्याचा दम तुटतो. आगीच्या वरच्या अंगाला कोणीही थांबू नये, आणि घळीत किंवा दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या खिंडीत तर मुळीच शिरू नये, कारण तिथे चुलीच्या धुराड्यासारखी हवेची ओढ तयार होते. ही गोष्ट मुलांना चित्र काढून दाखवावी, नुसती सांगून भागत नाही.

अमेरिकेतील मोंटाना राज्यात मॅन गल्च नावाची एक घळ आहे. ५ ऑगस्ट १९४९ रोजी तिथे हवाई छत्रीने उतरलेल्या प्रशिक्षित अग्निशामकांची तुकडी आगीच्या दिशेने उतरत असताना आगीनेच घळ ओलांडून त्यांची वाट अडवली. सगळे मागे फिरून गवताळ चढावर धावू लागले. आग हाकेच्या अंतरावर आली तेव्हा तुकडीचा प्रमुख वॅग डॉज थांबला, त्याने काडी ओढून समोरचे गवत पेटवले आणि जळून गेलेल्या त्या तुकड्यावर तो पालथा पडून राहिला. तो वाचला. त्याची हाक कोणाला कळली नाही किंवा पटली नाही, आणि १३ जण मरण पावले. धारेवरच्या खडकांतील फट गाठून आणखी दोघे तेवढे बचावले. मरण पावलेल्यांपैकी बहुतेकजण धडधाकट, तरुण आणि शिकवून तयार केलेले होते, हे आपल्या मंडळाला आवर्जून सांगावे. वॅग डॉजची युक्ती मात्र त्यांना शिकवू नये. गवत पातळ असेल आणि क्षणांचा हिशेब जमला, तरच ती साधते.

शिकवायचे असेल ते पॉल ग्लीसन या अमेरिकी अग्निशामकाने १९९१ साली मांडलेले चार शब्दांचे सूत्र शिकवावे : पहारा, संपर्क, सुटकेची वाट आणि सुरक्षित जागा. एक अनुभवी माणूस कामाला हात न लावता उंचावर उभा राहून फक्त आग आणि वारा पाहील. त्याचा आवाज किंवा शिटी प्रत्येकापर्यंत पोहोचेल. निघायच्या वाटा दोन असतील आणि त्या प्रत्येकाने प्रत्यक्ष चालून पाहिलेल्या असतील. वाटेच्या शेवटी जळण्याजोगे काहीही नसलेली पुरेशी मोठी जागा असेल. पुरेशी मोठी म्हणजे किती? सपाटीवर आणि वारा नसताना ज्वाळांपासूनचे अंतर त्यांच्या उंचीच्या किमान चौपट असावे लागते. चढ किंवा वारा असेल तर बरेच अधिक. या चारपैकी एक गोष्ट जरी नसेल, तरी मंडळाने आगीजवळ जाऊ नये. हा नियम पाळल्यास बहुतेक वेळा मुलांना परत फिरावे लागेल, आणि तसे फिरायला सांगण्याचे धैर्य मंडळाच्या प्रमुखात हवे.

कपड्यांबद्दलही थोडे. नायलॉन, पॉलिएस्टर अंगावर वितळतात. जाड सुती किंवा लोकरी, पूर्ण बाह्यांचे कपडे, चामड्याचे बूट आणि हातमोजे नसतील, तर त्या मुलाला गर्दी आवरण्याच्या किंवा पाणी पोहोचवण्याच्या कामाला लावावे. आणि समोरून उलट आग लावण्याचा निर्णय वन किंवा अग्निशमन विभागाच्या जबाबदार अधिकाऱ्याखेरीज कोणीही घेऊ नये. अशा आगीने कामावरच्याच दुसऱ्या पथकाला कोंडीत पकडल्याचे प्रसंग घडलेले आहेत.

खरे म्हणजे मंडळाचे सर्वांत उपयोगी काम वणव्याच्या दिवशी नसतेच. ते उन्हाळा लागण्याआधी जाळरेषा साफ करणे, पाणवठ्यांपर्यंतच्या वाटा मोकळ्या करणे आणि वस्तीतील एकट्या वृद्धांची यादी करणे हे आहे.

प्रश्न : घर वाचवायचे तर आजूबाजूची सगळी झाडे तोडून टाकावीत का? आम्ही वर्षानुवर्षे ती जपली आहेत.

उत्तर : झाडे तोडण्याची घाई करू नका. घर जळते ते बहुधा ज्वाळांच्या भिंतीमुळे नव्हे, तर वाऱ्यावर उडत आलेल्या निखाऱ्यांमुळे. ते कधी कधी काही किलोमीटर पुढे जाऊन पडतात. वणवा येऊन गेल्यावर घराची राख झालेली असते आणि चार पावलांवरचे झाड हिरवे उभे असते, असे दृश्य अनेक ठिकाणी दिसते. आगीने घरावर चाल केली असती, तर आधी ते झाड जळाले असते.

अमेरिकी वन सेवेतील संशोधक जॅक कोहेन यांनी या विषयाचा आयुष्यभर पाठपुरावा केला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या वायव्य प्रदेशात जंगलाचे तुकडे शेंड्यांपर्यंत पेटवून त्यांच्यासमोर निरनिराळ्या अंतरांवर लाकडी भिंती उभ्या केल्या होत्या. १० मीटरवरच्या काही भिंती पेटल्या. २० आणि ३० मीटरवरच्या मात्र उष्णतेने पेटल्या नाहीत. थोडक्यात, घराचे भवितव्य त्याच्या अगदी जवळच्या परिसरात ठरते आणि तो परिसर बहुतेक वेळा आपल्याच ताब्यात असतो.

म्हणून भिंतीपासून सुरुवात करून बाहेर जावे. भिंतीलगतच्या दीड मीटरच्या पट्ट्यात जळण्याजोगे काहीही नको. वाळकी पाने नकोत, लाकडाचा ढीग नको, पायपुसणे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, खिडकीखालचे झुडूपही नको. तिथे माती, खडी किंवा फरशी असावी. पुढे साधारण ९ ते १० मीटरपर्यंत गवत बोटभर उंचीचे ठेवावे, झाडांच्या फांद्या छपरापासून दूर छाटाव्यात, आणि खालच्या फांद्या काढून टाकाव्यात, म्हणजे गवताची आग झुडपावर आणि झुडपाची शेंड्यावर चढणार नाही. त्यापुढे ३० मीटरपर्यंत केवळ विरळणी पुरते. आपली जपलेली झाडे याच पट्ट्यांत असतील, तर बहुतेक वाचतील.

शिडी लावून एकदा छपरावरची पन्हाळ पाहाच. वर्षभराची पाने तिथे वाळून भुगा झालेली असतात आणि निखाऱ्याला याहून आवडती जागा नाही. छपराखालच्या झरोक्यांना तीन मिलिमीटरहून मोठी भोके नसलेली धातूची जाळी लावावी. प्लॅस्टिकची जाळी पहिल्याच झळीला वितळते. फुटलेले कौल किंवा सरकलेला पत्रा त्याच दिवशी बसवून घ्यावा. लाकूडफाटा घरापासून दूर, पण चढाच्या बाजूला ठेवावा; गॅसच्या टाक्याही दूर, पण शक्यतो घराच्याच पातळीवर ठेवाव्यात. उताराच्या बाजूला ठेवल्यास त्यांची आग घराकडे चढत येईल, आणि चढावरच्या टाकीतून गळालेला गॅस हवेहून जड असल्याने घराकडे उतरेल.

शेजाऱ्याचे अंगण हे आपल्याच अंगणाचा भाग आहे, असे येथे समजावे लागते. घरे दाट असतील, तर पेटलेले घर हेच शेजारच्या घराचे सर्वांत मोठे इंधन ठरते. एकट्याने साफसफाई करून निम्मेच काम होते, म्हणून ती गल्लीने मिळून, एक दिवस ठरवून करावी.

प्रश्न : वणवा जवळ आला तर घर सोडून जावे की थांबून घराचे रक्षण करावे? आमच्याकडे वयस्कर मंडळी, जनावरे आणि बाहेर पडायला एकच रस्ता आहे.

उत्तर : निघावे, आणि ज्वाळा दिसण्याआधी निघावे. या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘एकच रस्ता’ हा आहे.

थांबून घर वाचवावे हा विचार पूर्वी काही देशांत रीतसर सांगितला जात असे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात ‘तयारी करा, थांबून सामना करा किंवा लवकर निघा’ असे धोरण होते, आणि मध्यम आगींत ते चालूनही जाई. ७ फेब्रुवारी २००९ रोजी मेलबर्नमध्ये पारा ४६.४ अंशांवर गेला, त्या दिवशीच्या वणव्यांनी १७३ माणसांचा बळी घेतला, आणि मृतांपैकी बरेचजण आपल्या घरातच किंवा घराजवळ सापडले. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने या धोरणाची झाडाझडती घेतली. धोक्याच्या श्रेणींमध्ये एक नवी, सर्वांत वरची श्रेणी आली आणि अशा दिवशी आदल्या रात्री किंवा सकाळीच निघून जाणे हाच सुरक्षित मार्ग आहे, असे स्पष्टपणे सांगितले जाऊ लागले.

परंतु उशिरा निघणे हे थांबण्याहूनही वाईट ठरू शकते. पोर्तुगालमध्ये १७ जून २०१७ रोजी पेद्रोगाओ ग्रांदेच्या वणव्यात ६६ जण गेले. त्यांतील ४७ जण एकाच रस्त्यावर, बहुतेक आपापल्या वाहनांत किंवा वाहनांजवळ. ग्रीसमधील माती या किनाऱ्यावरच्या वस्तीत २३ जुलै २०१८ रोजी १०४ जणांचा मृत्यू झाला. समोर समुद्र होता, पण अरुंद गल्ल्या आणि कडे यांमुळे अनेकांना पाण्यापर्यंत पोहोचता आले नाही. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव जळाले. वीजवाहिनीपासून सुरू झालेल्या त्या वणव्यात ८५ माणसे दगावली. विभागवार स्थलांतराची योजना गावाने आधीच केलेली होती, पण आगीचा वेग योजनेतील वेळापत्रकाहून अधिक ठरला आणि रस्ते वाहनांनी तुंबले. तेव्हा ‘आपल्याकडे योजना आहे’ एवढ्यावर समाधान मानणे आम्हाला पटत नाही. त्या योजनेत सर्वांत हळू चालणारा माणूस निघायला किती वेळ लागतो, हे मोजलेले आहे का, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या वस्तीसाठी निघण्याची खूण आधीच ठरवून ठेवा, आणि ती घड्याळाची नव्हे तर जागेची असू द्या. उदाहरणार्थ, आग अमुक धारेच्या अलीकडे आली की वृद्ध, आजारी, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले निघतील. तमुक ओढ्यापर्यंत आली की उरलेले सगळे. त्या वेळी चर्चा नको, कारण धुरात चर्चा लांबते. पहिली खूण इतकी दूरची ठेवा की चार वेळा निघून तीन वेळा उगाचच गेलो असे वाटेल. ते वाटणे परवडते. जनावरे याही आधी हलवावी लागतात. ते शक्य न झाल्यास त्यांना बांधून ठेवू नये, तर चरून उघडी झालेली, गवत नसलेली बंदिस्त जागा आणि पाणी त्यांना द्यावे. रस्त्यावर मोकाट सोडल्यास त्यांचाही जीव जातो आणि निघणाऱ्या माणसांची वाटही अडते.

भोंगा वाजेल, फोनवर संदेश येईल, अधिकारी दार ठोठावतील, यावर सर्वस्वी विसंबू नका. हवाई बेटांवरील लाहैना शहर ८ ऑगस्ट २०२३ रोजी जळाले तेव्हा धोक्याचे भोंगे वाजवलेच गेले नाहीत. वीज गेली की भ्रमणध्वनीचे मनोरेही थोड्याच वेळात मुके होतात. प्रत्येक पाच-सहा घरांमागे एकाने दारोदार जाऊन सांगायचे, ही जुनी पद्धत अजूनही सर्वांत भरवशाची आहे. पोर्तुगालने २०१७ च्या अनुभवानंतर हेच केले. ‘सुरक्षित गाव, सुरक्षित माणसे’ या अर्थाच्या नावाचा कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला आणि त्यात गावोगावी एक स्थानिक सुरक्षा-प्रमुख नेमणे, निघण्याच्या वाटांवर खुणा करणे, रस्ता बंद झाल्यास जमायची जागा ठरवणे आणि प्रत्यक्ष सराव करणे यांवर भर दिला गेला.

जमायची ही पर्यायी जागा तुमच्यासारख्या एकाच रस्त्याच्या वस्तीला अत्यावश्यक आहे. मोठे खेळाचे मैदान, नांगरलेले विस्तीर्ण शेत, भोवती मोकळी जागा असलेली पक्की इमारत यांपैकी जे असेल ते आजच पाहून ठेवा. तिच्याभोवतीचे गवत उन्हाळ्यात कोण काढणार, हेही त्याच बैठकीत ठरवा, नाहीतर ऐनवेळी त्या जागेलाच आग लागलेली असेल.

प्रश्न : निघताना गाडी आगीत अडकलीच तर बाहेर उडी मारून पळावे का?

उत्तर : नाही. मोकळ्यावर माणूस सर्वांत आधी ज्वाळांच्या नव्हे, तर त्यांच्यातून फेकल्या जाणाऱ्या उष्णतेच्या माऱ्याने पडतो, आणि गाडीचा पत्रा व काचा तो मारा काही काळ तरी अडवतात. गाडी झाडोऱ्यापासून शक्य तितकी दूर, उघड्या जमिनीवर किंवा रस्त्याच्या रुंद भागात, तोंड येणाऱ्या आगीकडे करून उभी करावी. दिवे आणि धोक्याचे इशारे चालू ठेवावेत, काचा आणि हवेचे सर्व झरोके बंद करावेत, काचांच्या पातळीखाली आडवे व्हावे आणि लोकरीचे जाड पांघरूण अंगावर ओढून घ्यावे. आगीचे तोंड निघून जाईपर्यंत आतच राहावे. मग लगेच बाहेर पडून आधीच जळून गेलेल्या जमिनीवर जावे. गाडीत राहणे हा आश्रय नव्हे, शेवटचा उपाय आहे. पांघरूण आणि पिण्याचे पाणी मात्र उन्हाळाभर गाडीत असू द्यावे.

प्रश्न : वणवा दूर आहे, पण दोन दिवसांपासून धुराने घसा धरला आहे. ओला रुमाल बांधला तर पुरेल का?

उत्तर : ओल्या रुमालाने राखेचे मोठे कण अडतात, त्रास देणारे बारीक कण नव्हेत. धुरातील २.५ मायक्रोमीटरहून लहान कण सरळ फुप्फुसांच्या तळापर्यंत जातात आणि त्यांच्यासाठी चेहऱ्याला कडेने घट्ट बसणारा एन-९५ दर्जाचा मास्कच लागतो. दाढीवर तो नीट बसत नाही, हे लक्षात ठेवावे. घरातील एक खोली निवडून तिच्या फटी बंद कराव्यात, वातानुकूलन यंत्र असल्यास बाहेरची हवा आत घेणारी सोय बंद करावी, आणि त्या खोलीत काहीही जाळू नये. मात्र उकाडा असह्य असेल, तर बंद खोलीत उष्माघाताचा धोका धुराहून मोठा ठरू शकतो. अशा वेळी दमेकरी, हृदयरोगी, लहान मुले आणि वृद्ध यांना धुराबाहेरच्या गावी हलवणे योग्य. छातीत दुखणे, धाप लागणे किंवा गुंगी येणे ही लक्षणे दिसल्यास वाट न पाहता दवाखाना गाठावा.

प्रश्न : आमचे आजोबा म्हणत, थंडी सरता सरता थोडे थोडे गवत जाळले की उन्हाळ्यात मोठा वणवा लागत नाही. आता जाळणे हा गुन्हा ठरतो. मग चूक कोणाची?

उत्तर : आजोबांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते सगळीकडे लागू पडत नाही. अमेरिकी वन सेवेने १९३५ मध्ये असा दंडक घातला होता की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत आटोक्यात आलीच पाहिजे. तो काही दशके चालला. ज्या जंगलांना लहान लहान आगींची सवय होती तिथे त्यामुळे पालापाचोळा साचत गेला आणि पुढच्या आगी अधिक उग्र झाल्या. १९७० च्या दशकात तो दंडक सोडून द्यावा लागला. उलट ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील आर्नहेम लँडमध्ये तेथील आदिवासी वनरक्षक कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच, गवतात ओल असताना, तुकड्यातुकड्यांनी मंद आग लावतात. कोरड्या ऋतूच्या अखेरीची मोठी आग मग त्या जळलेल्या ठिगळांशी येऊन अडते.

परंतु हे ज्ञान विशिष्ट भूमीचे आणि विशिष्ट झाडोऱ्याचे असते. दमट सदाहरित जंगलाला आगीची सवयच नसते, तिथे लहान आगही मोठे नुकसान करते. शिवाय तज्ज्ञांनी लावलेली आगही हाताबाहेर जाते. मे २००० मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात राष्ट्रीय उद्यान सेवेच्या कर्मचाऱ्यांनी योजनापूर्वक लावलेली आग वाऱ्याने सुटली आणि तिने लॉस अलामोस शहरातील २०० हून अधिक घरे जाळली. म्हणून एकट्यादुकट्याने बांधावर काडी ओढण्यास आमचा ठाम नकार आहे. वस्तीने मिळून संबंधित विभागाकडे नियोजित जाळणीची किंवा निदान गवत कापून नेण्याची मागणी करावी. कापणी महाग आणि कष्टाची असते हे खरे, पण कापलेले गवत उडून शेजारी जात नाही.

प्रश्न : वणवा विझल्याचे जाहीर झाल्यानंतर घरी कधी परतावे? आतून अजून धूर दिसतो.

उत्तर : अधिकाऱ्यांनी रस्ता खुला केल्याशिवाय परतू नये. विझल्यासारखी दिसणारी आग खोडाच्या पोकळीत, मुळांत किंवा जमिनीखालच्या कुजलेल्या थरात जिवंत राहते. कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टेकड्यांवर १९ ऑक्टोबर १९९१ रोजी गवताची एक लहान आग विझवण्यात आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गरम वारा सुटला, ती पुन्हा पेटली आणि २५ माणसे मेली. न्यू मेक्सिकोत तर जानेवारी २०२२ मध्ये जाळलेले फांद्यांचे ढीग बर्फाखाली धुमसत राहिले, एप्रिलमध्ये उफाळले आणि शेजारच्या दुसऱ्या वणव्याला मिळून त्या राज्याच्या नोंदीतील सर्वांत मोठा वणवा झाला. म्हणूनच पथके शेवटच्या टप्प्यात जाळरेषेच्या आतल्या बाजूने राख चाळत जातात. हातमोजा काढून हाताची मागची बाजू आधी राखेच्या थोडी वर धरतात आणि गरम न लागल्यास मग टेकवतात. तळहातापेक्षा तिथली कातडी उष्णता लवकर ओळखते आणि भाजलेच तर काम करणारा तळवा शाबूत राहतो.

परतल्यावर मुलांना जळलेल्या जमिनीवर खेळू देऊ नये. मुळे जळून गेल्याने खाली निखाऱ्यांनी भरलेले खड्डे तयार होतात आणि वरून फक्त सपाट राख दिसते. बुंध्याशी जळलेली झाडे वाऱ्याविनाही कोसळतात. तुटलेल्या वीजतारांजवळ जाऊ नये, आणि राख कोरडी झाडू नये. ती हलके पाणी शिंपडून, मास्क लावून गोळा करावी.

धुराबद्दल मात्र तारतम्य हवे. जळलेल्या क्षेत्राच्या अगदी मध्यावर एकटादुकटा धूर दिसत असेल, तर भोवती जळायला काही उरलेले नसल्याने तो बहुधा आपोआप शमतो. धूर जाळरेषेच्या लगत किंवा तिच्या बाहेर दिसला, तर जवळची खूण, दिशा आणि वेळ सांगून लगेच कळवावे. दुपारी ऊन चढल्यावर आणि वारा वाढल्यावर हेच धूर पुन्हा जिवंत होतात, त्यामुळे पहिले काही दिवस दुपारची फेरी वस्तीने आळीपाळीने घालावी.